चौदाव्या मैलावरची चौकी

पाटाला पाणी सुटलंय की नाही, हे मला अजून नाकानं कळतं. गाडीच्या काचा वर होत्या, एसी चालू होता, तरी बेलापूरच्या अलीकडे ओल्या पाल्याचा, थोडा कुजका, थोडा गोड वास आत आला आणि मी म्हणालो, "आवर्तन सुटलंय."

गाडी माझी नात ऋतुजा चालवत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. उसाचं रान संपलं आणि भरावाआड पाण्याची मातकट पट्टी दिसली. "आजोबा, तुम्ही ना!" ती हसली. तिच्या आजीला माझ्या या नाकाचं मुळीच कौतुक नव्हतं. "आमटीत मीठ न्हाई ते कळत न्हाई, आन पाच कोसावरलं पानी कळतंय," असं म्हणायची.

मी पाटकरी होतो. कालव्याची दारं उघडायची, बंद करायची, कोणाच्या चारीला किती तास पाणी ते पाहायचं आणि सायकलवरून भराव पालथा घालायचा, ही माझी नोकरी. जिल्ह्याच्या उत्तरेला, प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांवर मिळून सहा चौक्यांत आमचा संसार झाला. चौकी म्हणजे पाटाच्या कडेला, गावापासून लांब, दोन खोल्यांचं सरकारी दगडी घर. तिला गावाचं नाव नसायचं, मैलाचा आकडा असायचा. बेलापूरकडची आमची चौकी चौदाव्या मैलावर होती.

माझी बायको कौसल्या जाऊन आठ महिने झाले. कोपरगावला गोदावरीत तिची रक्षा सोडली. मुलानं, दिलीपनं, सगळं रीतसर केलं. पण सावडण्याच्या दिवशी कोणाचं लक्ष नसताना मी चिमूटभर राख कागदात बांधून सदऱ्याच्या खिशात टाकली होती. ती पुडी आता माझ्याजवळ होती. निघताना मी ऋतुजाला एवढंच म्हणालो होतो, की आजीला एके ठिकाणी पोचवायचंय. कुठं आणि का, ते सांगायला जीभ रेटली नाही. ते मी तिच्या आजीलाही कधी सांगितलं नव्हतं.

कौसल्या पाथर्डीकडची. तिच्या गावात उन्हाळ्यात आडात उतरून वाटीनं पाणी भरायचे. लग्न होऊन ती चौकीवर आली तेव्हा रब्बीचं आवर्तन चालू होतं. बैलगाडीतून उतरली, पत्र्याची ट्रंक खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर सांभाळत भरावावर जाऊन उभी राहिली. काठोकाठ पाट वाहत होता. मग मागं वळून म्हणाली, "अवं, हे समदं कुनाचं हाय?"

"सरकारचं."

"मग कुनी भरून का ठिवना?"

मी हसलो. तिला राग आला. त्या संध्याकाळी तिनं घरातलं भांडं न् भांडं भरलं. घागर, कळशी, तपेली, परात, शेवटी पेले आणि माझा दाढीचा वाडगासुद्धा. सकाळी उठून आधी भरावावर गेली आणि परत येऊन मला उठवलं, "अजून हायच की!" हे पुढं महिनाभर चाललं. रोज सकाळी ती पाट बघून यायची आणि जागेवर असल्याचं मला सांगायची. मी खात्याचा माणूस, पण माझ्या खात्यावर तिचा विश्वास बसायला महिना लागला.

मग आवर्तन संपलं, दारं बंद झाली, पाट कोरडा पडला. तळाशी चिखल, चिखलात शिंपले आणि बगळे. ती दोन दिवस जेवली नाही नीट. मी समजावलं, की पाण्याची पाळी असते, पुन्हा सुटतं. "पुन्ना कवा?" या तिच्या प्रश्नाला मी तारीख सांगितली, तेव्हा तिनं ती भिंतीवर कोळशानं लिहून घ्यायला लावली. तिला वाचता येत नव्हतं. तरी रोज त्या कोळशाच्या रेघांकडे पाहायची.

कोरड्या पाटात पाणी येतं ते कसं येतं, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. आधी आवाज येतो, वाळल्या पाल्यावरून कोणी सावकाश चालत येतंय असा. मग पाण्याचं तोंड दिसतं. तोंडाशी पाला, काटक्या, फेस, कोणाची तरी एक चप्पल, आणि त्या सगळ्याच्या पुढं जीव घेऊन पळणारे किडे. मागं तापलेल्या मातीचा वास. कौसल्या त्या तोंडाच्या बरोबरीनं भरावावरून चालायची. हातात ताट असायचं, हळद-कुंकू, खण, नारळ. चौकीच्या समोर पाणी आलं की वाकून ओटी भरायची. कालव्याच्या पाण्याची ओटी भरायची असते, असं मी कुठं ऐकलं नव्हतं. पण पुढं आसपासच्या वस्त्यांवरच्या बायाही यायला लागल्या. पहिल्या पाण्याला ओटी आणि दुसऱ्या दिवशी गोधड्या. दगडावर गोधडी आपटल्याचा धप धप आवाज दिवसभर चालायचा, आणि भरावावर दूरपर्यंत लाल, निळ्या, ठिगळांच्या गोधड्या वाळत पडायच्या. साहेब तपासणीला आले तर मी घाम पुसत म्हणायचो, "बायामाणसं आहेत साहेब, ऐकत नाहीत." ऐकत नव्हतं ते माझंच बाईमाणूस, हे साहेबांना माहीत होतं.

पुढं बदली कोपरगावकडे झाली. तिथं कारखान्याच्या चिमणीची काजळी दोरीवरच्या धुण्यावर बसायची आणि वारा फिरला की मळीचा उग्र, आंबूस वास घरात यायचा. मला तो सोसायचा नाही. तिला चालायचा, कारण त्या वासाबरोबर तिचं माहेर यायचं. दिवाळीच्या सुमाराला इतर बाया माहेरी जात. कौसल्याचं माहेर बैलगाड्यांत बसून तिच्याकडे येई. पाथर्डीकडची ऊसतोडीची माणसं, बायको, पोरं, कोंबड्या, जातं, सगळं गाडीत घालून, कारखान्याच्या वाटेनं आमच्या चौकीसमोरून जायची. ती रस्त्यावर उभी राहायची आणि गाडीवाल्याला विचारायची, "कंच्या गावचं?" गाव जवळचं निघालं की तिचं बोलणं क्षणात बदलायचं, आमच्यात राहून गुळगुळीत झालेलं पुन्हा खरखरीत व्हायचं. त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, पडल्या की ही डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन तिकडे. कोणा बाईचे दिवस भरत आलेले असले तर हिचा मुक्काम तिथंच. बाळंतिणीच्या अंघोळीला दोन हंडे ऊन पाणी पुरवणं हे तिनं स्वतःचं काम मानलं होतं. "पान्यासाठी कुनाचं अडायला नको. एवढं वाहतंय दारातनं," म्हणायची. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला, की त्याच गाड्या परत जायच्या. त्या दिवशी ती कोणाशी बोलायची नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, तर चुलीच्या धुराचं कारण सांगून डोळे पुसायची. मीही धूर झालाय खरा, असं म्हणायचो.

मी निवृत्त झालो आणि आम्ही नगरला दिलीपच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथं ऋतुजाच्या लहानपणी तिचं शाळेचं सगळं आजीनं केलं. नळाला रोज पाणी येई, तरी ही टाकी, बादल्या, कुकर, सुनेचे डबे भरून ठेवी. सून चिडे. पेल्यातलं उरलेलं पाणी ऋतुजानं बेसिनमध्ये ओतलं की आजी तिच्याशी जेवणापर्यंत अबोला धरायची. मग ऋतुजा उरलेलं पाणी कुंडीत टाकायला शिकली. अजूनही टाकते. गाडीतली बाटली अर्धी राहिली होती, ती तिनं येताना रस्त्याच्या कडेच्या रोपाला घातली. मी ते पाहिलं आणि बाहेर बघत बसलो.

आता जे सांगायचं ते सांगतो.

दिलीप तीन वर्षांचा असताना चौदाव्या मैलावरच्या चौकीत आम्हाला मुलगी झाली, आणि नवव्या दिवशी गेली. बारसं बाराव्या दिवशी करायचं होतं. तोवर सगळे तिला नुसतं बाळी म्हणत. इतक्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. सकाळची वेळ होती. मी आणि कालव्यावरचा मजूर नामदेव, आम्ही दोघंच गेलो. भरावाच्या पायथ्याला दोन करंजांच्या मधे नामदेवानं खड्डा घेतला. खाली मीठ घातलं, मी तिला ठेवली, वर माती, दगड आणि बाभळीच्या फांद्या. माझी आई बाळंतपणासाठी आली होती. ती मला म्हणाली, "तिला जागा सांगू नगंस. बाईचा जीव तिथंच घुटमळत ऱ्हातो." मी आईचं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी कौसल्यानं विचारलं, "कुठं ठिवली?"

"नदीला नेली," मी म्हणालो. "प्रवरेला."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. पुन्हा कधी विचारलं नाही. घरापासून एकशे दहा पावलांवर लेक होती आणि मी तिच्या आईला नदी सांगितली. चार महिन्यांनी मी स्वतः खटपट करून बदली घेतली. त्यानंतर त्या चौकीवर मी पाय ठेवला नाही. पुढं कधी एसटीनं जाताना प्रवरेचा पूल लागला, की कौसल्या खिडकीतून नदीकडे बघून हात जोडायची. मी दुसऱ्या बाजूची खिडकी बघायचो. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी पूल संपायचा.

ती मात्र संक्रांतीच्या सुमाराला वर्षातून एकदा बेलापूरला जायची. नामदेवाची बायको हौसाबाई तिची मैत्रीण होती, तिला वाण द्यायला. मी स्टँडवर सोडायचो, "माझा नमस्कार सांग" म्हणायचो, आणि घरी यायचो. शेवटच्या वर्षांत तिचे गुडघे गेले, जाणं थांबलं. मग एक दिवस म्हणाली, "मला येकदा चौदाव्या मैलावर न्या."

"हौसाबाईकडं?"

"व्हय. आन तुमी बी चला."

मी म्हणालो, पाटाला पाणी नाही, कोरडा पाट काय बघायचा, आवर्तन सुटू दे. आवर्तन सुटलं. मी म्हणालो, ऊन फार आहे. पुढच्या आवर्तनाला दिलीपला रजा नव्हती. खरं कारण एकच होतं. त्या भरावावर उभं राहून तिनं मला पुन्हा विचारलं असतं, तर मला दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नसतं. मी ठरवलं होतं, तिथंच सांगायचं, जागेवर नेऊन. आणि ठरवून पुढं ढकलत होतो. दवाखान्यात शेवटी शेवटी तिनं विचारलं, "सुटलं का पानी?" मी म्हणालो, "उद्या सुटेल." पाणी तेव्हा सुटून चार दिवस झाले होते.

ऋतुजानं गाडी भरावावर उभी केली. चौकीच्या भिंती होत्या, छप्पर नव्हतं. आत रुई माजली होती. पाटाला दोन्ही बाजूंनी काँक्रीट केलं होतं, भराव रुंद करून वर मुरमाचा रस्ता झाला होता. करंजं नव्हती. मैलाचा दगड नव्हता. मी चौकीच्या दारातून पावलं मोजायला सुरुवात केली. एकशे दहा पावलं मोजली तर काँक्रीटवर आलो. माझं पाऊल आखूड झालंय हे लक्षात आलं, म्हणून परत जाऊन एकशे तीस मोजली. रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. छत्तीस वर्षं मी या पाटांचं पाणी इंचावर मोजलं आणि स्वतःच्या लेकीची जागा मला सापडेना. ऋतुजा माझ्यामागून चालत होती. मग मी तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. तिनं माझा दंड धरला.

कडेला एका ठिकाणी रस्ता जरासा वळसा घालून गेला होता. वळशात शेंदूर फासलेला उभा दगड होता, पुढं नारळाच्या करवंट्या, बांगड्या, एक हिरवा खण. पाण्याच्या कडेला साती आसरांचे, पाण्यातल्या देवतांचे, असे दगड असतात. सवयीनं मी हात जोडले आणि पुढं झालो.

"कोन हाय?" खालच्या वस्तीवरून आवाज आला. मागोमाग काठी टेकत एक म्हातारी भरावावर चढून आली. कपाळावर हात धरून तिनं मला निरखलं. "भाऊ? तुमीच का? आन ही पोर कोन?" हौसाबाई होती. नामदेव जाऊन बरीच वर्षं झाली होती. कौसल्याचं तिला कळलं होतं. ती ऋतुजाच्या तोंडावरून हात फिरवून रडली, मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "काय हुडकत हुता?"

मी पुडी काढून दाखवली. "जागा सापडेना, हौसाबाई."

"आत्ता पाया पडला की तुमी तिच्या," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही.

"आमच्या ह्यांनी मला सांगितलं हुतं त्याच दिवशी, आन मागनं मी वहिनीला. आईला कळू द्यायचं न्हाई, ही कंची रीत?" हौसाबाई दगडापाशी बसली. "वहिनी म्हनली, त्यांला सांगू नगंस मला ठावं हाय म्हनून. त्यांनी नदी सांगितलीय, तर नदीच ऱ्हाऊ दे. पुलावरनं जाताना मी हात जोडती, म्हनली. त्यांला वाटतं, मला पटलंय. तेवढाच त्यांच्या जिवाला इसावा."

मी खाली बसलो. गुडघे मुडपून बसायला मला डॉक्टरांची मनाई आहे. ऋतुजानं मला धरायचा प्रयत्न केला, मग तीही बसली.

"पाट मोठा करायला मशीन आलं, तवा म्या सांगितलं, आसरा हायेत, हात लावशीला तर बघा. मशीनवाला पाया पडला आन वळसा घालून गेला. आता समद्या बाया येत्यात. कुनी खण वाहतं, कुनी नारळ. चांगलं चाललंय पोरीचं." हौसाबाई हे हसून म्हणाली आणि मलाही, का कोण जाणे, हसू आलं. ते हसू मधेच मोडलं.

ऋतुजानं काडीनं दगडाच्या बुडाशी माती उकरली. मी पुडी सोडली. वारा होता, म्हणून तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला. राख टाकली, माती लोटली, तरी मी तसाच बसलो. मंत्र येत नव्हता. काही म्हणावंसं तर वाटत होतं. "आजोबा, काय म्हणायचं असतं?" ऋतुजानं हळूच विचारलं.

"लेकीचं नाव घ्या," हौसाबाई म्हणाली. "म्हनावं, तुझी आई आलीय."

"नाव कुठं होतं तिला? बारसं झालंच नाही."

"झालं की," हौसाबाई म्हणाली. "त्याच साली. पाटाला पानी सुटलं आन वहिनी मला म्हनली, चल. पाळण्यात घालत्यात तसा घरचा वरवंटा धुऊन, टोपडं घालून आनला हुता तिनं. हितं बसून आमी दोघींनी त्यो हालवला, मी आत्या झाले, कानात नाव सांगितलं. त्योच हा. शेंदूर मागनं लावला." तिनं दगडाच्या डोक्यावरून हात फिरवला. "घुगऱ्या वाटायला कुनी नव्हतं. म्हनून वहिनीनं समद्या घरी नेल्या."

मला आठवलं. दारं उघडून, भिजलेल्या विजारीनं मी चौकीत आलो होतो. चुलीपुढं पातेलंभर घुगऱ्या होत्या, हरभऱ्याच्या, वर खोबरं. आज कसल्या, मी विचारलं. हौसाबाईच्यात कायतरी हुतं, ती म्हणाली, खावा. मी उभ्या उभ्या दोन वाट्या खाल्ल्या, चांगल्या झाल्यात म्हणालो. ती माझं खाणं संपेपर्यंत समोर बसून बघत होती. माझ्या लेकीच्या बारशाला जेवणारा मी एकटाच पाहुणा होतो.

"काय ठेवलं नाव?" मी विचारलं.

"मैना."

पाटातून पाणी चाललं होतं. मी दगडाजवळ वाकलो, बारशाला बाळाच्या कानाशी वाकतात तसा, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या लेकीला हाक मारली.